वाकवलेलं लाकूड वाकलेलंच कसं राहतं?

सागाची २४ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या आणि तिला ३०० मिलिमीटर त्रिज्येची कमान द्यायचा प्रयत्न करा. मोडेल. वाकताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरची बाजू किती ताणली जाईल हे काढायला जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. इथे उत्तर चार टक्के येतं, आणि कोरडं लाकूड साधारण एका टक्क्याच्या आसपासच तडकायला लागतं. आता त्याच मापासाठी तीन मिलिमीटरच्या आठ पट्ट्या घ्या. प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा टक्का ताण येतो आणि ती नुसत्या हाताने वाकते.

आठही पट्ट्या एकत्र साच्यावर दाबल्या की त्या एकमेकींवरून घसरतात, वही वाकवली की पानांच्या कडा तिरप्या होतात तशा. याच अवस्थेत त्यांच्यामध्ये डिंक असेल आणि तो घट्ट झाला, तर घसरण्याची वाट बंद होते. शिकंजे सोडल्यावर प्रत्येक पट्टीला सरळ व्हायचं असतं, पण त्यासाठी शेजारणीवरून सरकावं लागेल आणि डिंक सरकू देत नाही.

तरीही थोडं मागे येतंच. किती, ते पट्ट्यांच्या संख्येवर ठरतं आणि गणित फार सुंदर आहे. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चार सारख्या पट्ट्या असतील तर कमान सुमारे एक सोळांश उघडते आणि आठ असतील तर एक चौसष्टांश. म्हणजे एक भागिले पट्ट्यांच्या संख्येचा वर्ग. खुर्चीच्या हाताला किंवा दिव्याच्या कमानीला चौसष्टावा हिस्सा डोळ्याला दिसतही नाही. मग सोळा पट्ट्या का करू नयेत? कारण करवतीच्या प्रत्येक कापात दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचा भाव विचारून आलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

या सांध्यावर ओढून काढणारा जोर फारसा नसतो. इथे डिंकाला वर्षानुवर्षं न थकता घसरण रोखायची असते. फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा डिंक, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, चौकटींच्या सांध्यांना उत्तम आहे, पण सततच्या ताणाखाली तो अगदी हळूहळू सरकतो. शिवाय तो पाण्यात असतो. आठ पातळ पट्ट्यांच्या सात सांध्यांना तो फासला की बरंच पाणी लाकडात शिरतं, लाकूड फुगतं आणि पुढे काही आठवडे सुकत, आकार बदलत राहतं.

इपॉक्सी हा रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग ऐनवेळी मिसळून वापरायचा डिंक. त्यात पाणी नसतं. त्यातून काही उडून जात नाही, म्हणून ते घट्ट होताना फारसं आक्रसतही नाही. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची तीन कोनांची कडी असते. ही कडी अवघडून बसलेली असते, उघडायला टपलेली. हार्डनरमध्ये अमाइन नावाचं नायट्रोजनयुक्त संयुग असतं; त्याचा नायट्रोजन तिला उघडतो आणि स्वतः तिथे जोडला जातो. नायट्रोजनला जोडलेल्या प्रत्येक हायड्रोजनमागे एक कडी, असं करत सगळा द्रव एकाच प्रचंड जाळ्यात बदलतो. ॲराल्डाइट या नावाने हे रसायन १९४६ मध्ये बाजारात आलं.

एका हायड्रोजनला एक कडी हा हिशेब असल्यामुळेच प्रमाण पाळावं लागतं. फायबरग्लासच्या कामात पॉलिएस्टर रेझिनला ‘कॅटलिस्ट’ किंचित जास्त टाकला की माल लवकर घट्ट होतो, आणि ही सवय घेऊन आलेले कारागीर इपॉक्सीतही हार्डनरचा हात सैल सोडतात. तिथला तो पदार्थ क्रिया नुसती सुरू करून देतो. इथला हार्डनर हा जाळ्याचा अर्धा धागाच आहे. जास्त झालेल्या अमाइनला जोडायला कडी उरत नाही आणि सांधा कायमचा मऊ, चिकट राहतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हेही वाचा. दोन्ही आकडे सारखे नसतात. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. मिश्रणात धुरकट रेषा दिसत असतील तोवर ते मिसळलेलं नाही.

पुण्याची हवा या कामात नको तितकं नाक खुपसते. तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. जानेवारीच्या गार सकाळी जो माल आरामात फासता येतो, तोच एप्रिलच्या दुपारी हातातच घट्ट व्हायला लागतो. त्यात ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. कपात साठलेल्या मालातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तो आणखी तापतो, आणखी वेगाने धावतो आणि कधीकधी कपातून धूर निघतो. उपाय साधा आहे: ढवळून झालं की पसरट ताटलीत ओता. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी या कामाला मुळीच घेऊ नका. आठ पट्ट्या फासून, रचून, साच्यावर आवळेपर्यंत पाच मिनिटं केव्हाच संपलेली असतात.

पावसाळ्यात अडचण वेगळी. उन्हाळ्यात ज्या लाकडात सहा-सात टक्के ओलावा असतो, त्यात जुलैत सोळा-सतरा टक्के भरतो. इपॉक्सीसाठी तो बाराच्या आत असलेला बरा. दमट हवेत अमाइनचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी संयोग होऊन पृष्ठभागावर मेणचट थरही येतो. तो कोमट पाण्याने पुसल्याशिवाय वर दुसरा हात चढवला, तर तो सुटतो.

साग मुळातच तेलकट आहे. पट्ट्या रंध्यावरून किंवा करवतीवरून ताज्या आल्या की ॲसिटोनच्या फडक्याने पुसून लगेच डिंक लावावा. आधी पातळ हात, म्हणजे लाकूड हवं तेवढं पिऊन घेतं. मग त्याच मालात बारीक चाळलेली लाकडाची भुकटी घालून दाट केलेला दुसरा हात. साच्याला पॅकिंग टेप चिकटवलेला असू द्या, त्याला इपॉक्सी धरत नाही. शिकंजे मधून सुरू करून टोकांकडे जा. पुण्यात अजूनही सहज मिळणारी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळली, तर दाब सगळीकडे सारखा पडतो. आणि आवळा बेतानेच. पांढऱ्या डिंकाला जोर लागतो. इपॉक्सीला पट्ट्या टेकल्या की पुरे. जास्त आवळलं तर डिंक बाहेर ओघळतो आणि सांधा उपाशी राहतो.

भुकटीने दाट केलेलं इपॉक्सी पट्ट्यांमधल्या बारीक फटीही भरून काढतं, आणि हा गुण किरकोळ नाही. दुसऱ्या महायुद्धात डी हॅविलँड या ब्रिटिश कंपनीची लाकडी मॉस्किटो विमानं भारतात आली, १९४४ मध्ये त्यांचे सांधे निकामी झाले आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. पहिला संशय इथल्या उष्ण, दमट हवेवर आणि डिंकावर गेला; चौकशीत मात्र नीट न बसलेल्या, फटी राहिलेल्या सांध्यांवरही बोट ठेवलं गेलं. त्या काळच्या बहुतेक डिंकांना काटेकोर बसणारा सांधा लागायचा.

हातमोजे नायट्रिलचे घाला. अमाइनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने धुतलं तर ते कातडीत आणखी शिरतं, साबण वापरा. अर्धवट घट्ट झालेला माल घासू नका, ती धूळ त्रासदायक असते.

इपॉक्सीची खरी दुखरी नस उष्णता. साध्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी ५० ते ६० अंशांदरम्यान मऊ पडायला लागतं, आणि मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेलं गडद लाकूड तिथपर्यंत सहज पोचतं. मऊ पडलं की पट्ट्या घसरायला मोकळ्या. पण कमान साच्यात आवळलेली असतानाच तापवली, तर उलटं घडतं: राहिलेल्या कड्या उघडतात, जाळं दाटतं आणि मऊ होण्याचं तापमान वर सरकतं. म्हणून एक दिवस सावलीत घट्ट होऊ द्यायचं, मग साच्यासकट काळं कापड टाकून दुपारभर गच्चीवर ठेवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच शिकंजे सोडायचे.