समासातला ‘नाही’

१८६९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ अल्फ्रेड रसेल वॉलेसचा लेख छापून आला. तो वाचताना डार्विनने समासात ‘नाही’ असे लिहिले आणि खाली तीन रेघा ओढल्या. याच दोघांचे नैसर्गिक निवडीवरचे, म्हणजे जगायला उपयोगी पडणारे गुण पिढ्यानपिढ्या टिकतात या कल्पनेवरचे, लिखाण १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले होते. आता वॉलेस म्हणत होता की माणसाचे शरीर उत्क्रांतीतून आले असेल, पण त्याची बुद्धी आणि नीती तशी येणे शक्य नाही. तिथे वरच्या कुणा शक्तीचा हात लागलेला असणार.

वॉलेसला मोडीत काढणे मला जमत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात चार वर्षे आणि मलाय द्वीपसमूहात आठ वर्षे काढलेला माणूस होता तो. तिथल्या आदिवासींचा मेंदू युरोपियनांच्या मेंदूच्या तोडीचा आहे, हे तो मान्य करत होता. म्हणूनच त्याला कोडे पडले : शिकारीवर जगणाऱ्याला एवढा मेंदू कशाला? निवड तर गरजेपुरतेच देते.

तो चुकला तो इथे. माग काढायचा, शेकडो झाडपाले ओळखायचे, आपला कोण आणि फितूर कोण हे जोखायचे, म्हणजे मेंदू लागतोच. शिवाय एका कामासाठी घडलेली गोष्ट दुसऱ्या कामी येते. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. वाचनासाठी मेंदूत नवा भाग घडायला एवढा काळ पुरत नाही. वस्तूंचे आकार ओळखणाऱ्या भागातलीच थोडी जागा अक्षरांनी घेतली.

जडातून चैतन्य कसे येईल, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त माधवाचार्यांनी चार्वाकांचे उत्तर दिले आहे : ‘किण्वादिभ्यो मदशक्तिवत्’. किण्व म्हणजे दारू आंबवायचे खमीर. धान्यात नशा नसते, पाण्यात नसते. दोन्ही आंबली की चढते. तशीच चार महाभूते देहाच्या रूपाने एकत्र आली की चैतन्य उपजते. माधवाचार्य स्वतः वेदान्ती, तरी विरोधकाचा हा दाखला त्यांनी नीट मांडला. मला तो फार आवडतो, कारण तो घटकांपेक्षा त्यांच्या एकत्र येण्याकडे बोट दाखवतो.

जडातून चैतन्य उपजल्यासारखे काही मी एकदा जवळून पाहिले आहे. अकरावीत, भिजत घातलेल्या गवताच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली होता. त्यात पाव मिलिमीटरचा, चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम, एकाच पेशीचा जीव. कापसाच्या तंतूला धडकला, मागे सरला, जरा वळला, पुन्हा निघाला. पुन्हा धडक. चौथ्या खेपेला त्याला वाट मिळाली. ‘याला कळतंय!’ मी मोठ्याने म्हणालो होतो.

त्याला मेंदू नाही, एक चेतापेशीही नाही. पुढच्या टोकाला धक्का बसला की पेशीच्या पटलातली सूक्ष्म दारे उघडतात, कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात आणि अंगावरचे हजारो बारीक केस उलट दिशेने वल्हवू लागतात. मागून टोचले तर पोटॅशियम बाहेर पडते आणि स्वारी पुढे धूम ठोकते. अशीच आयनांची ये-जा, सोडियमसह, आपल्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींत चालते. चेतापेशी नसलेल्या स्पंजातही चेतापेशींच्या सांध्यांत लागणाऱ्या कित्येक प्रथिनांची जनुके सापडतात. सामान आधीपासून पडून होते, घर नंतर बांधले गेले.

मग आत्मा आत शिरला कधी? पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली, पण आत्मा देवच थेट निर्माण करतो असे बजावले. अडचण अशी की तो क्षण दाखवता येत नाही. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या कुठल्याच आईचे मूल एका सकाळी मराठी बोलू लागले नाही. तसेच माणूस नसलेल्या आईच्या पोटी पहिला माणूस असा कधी जन्मला नाही.

आत्मा म्हणजे आठवण, लाज, विवेक, निश्चय असे म्हणायचे असेल, तर माझ्या मते ते पदार्थातूनच, पायरीपायरीने आले. म्हणून तर मेंदूला मार लागला की माणसाचा स्वभाव पालटतो, आणि भूल दिली की ‘मी’ काही काळ मावळतो.

मात्र उपनिषदांतला साक्षी, केवळ पाहणारा, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला मनापासून मोठा वाटतो. त्या थेंबातल्या जीवाच्या कॅल्शियमचा हिशेब चोख लागतो. धडकल्यावर त्याला काही वाटले का, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. माझ्या आयनांचा सगळा हिशेब मांडला, तरी त्यात माझी दाढदुखी मला दुखते ही गोष्ट सापडणार नाही.