लाल पारा सोडा, ४५५ बघा

व्हॉट्सॲपवर तो मेसेज दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा उगवतो. घरात जुना व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका, आत 'लाल पारा' असतो, लाखांनी किंमत येते. सोबत व्हिडिओ: लसूण जवळ नेला की पळतो, आरशात दिसत नाही. सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुने रेडिओ हुडकणाऱ्या आमच्यासारख्यांना या मेसेजचा थेट फटका बसतो. लाकडी पेटी शाबूत, डायलची काच शाबूत, पण आतले व्हॉल्व्ह उपटून फोडलेले, असे सेट आता हाताला लागतात. "काका, ह्यात पारा हाय म्हणं, खरं का?" असं एका पोराने मला विचारलं तेव्हा त्याच्या खिशात काचेचे तुकडे होते.

नाही. पाऱ्याची लाल संयुगं असतात, हिंगूळ हे त्यातलंच एक, पण व्हिडिओतला चमत्कारी द्रव कुठेच नसतो. २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगर शिलाई मशीनबद्दल उठली आणि जुन्या मशीनचे भाव आकाशाला भिडले. तीही अफवाच निघाली.

मग व्हॉल्व्हच्या काचेला आतून चिकटलेला तो चंदेरी चकचकीत डाग कसला? बेरियमचा. व्हॉल्व्हमधली हवा पंपाने काढली तरी थोडी उरतेच, आणि तापलेल्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) तेवढीही मारक ठरते. म्हणून आत बेरियमची छोटी कडी ठेवून ती बाहेरूनच तापवतात. बेरियम उडून काचेवर बसतं आणि उरलासुरला ऑक्सिजन गिळतं. डाग चंदेरी असेल तर निर्वात अवस्था टिकून आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. बाजारात सेट उचलण्याआधी मी पहिल्यांदा हेच बघतो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. मीडियम वेव्हवर आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. १४०४ वर एक स्टेशन आणि १४१३ वर दुसरं, तर दोघांत फरक जेमतेम ०.६ टक्के. एवढ्या बारीक फरकाने एकाला आत घ्यायचं आणि शेजाऱ्याला अडवायचं, तेही काटा डायलवर कुठेही असताना, हे स्टेशन निवडणाऱ्या साध्या कॉइल-कंडेन्सरच्या जोडीला झेपत नाही. अशा चार जोड्या एकापुढे एक लावल्या तर बटण फिरवताना चारही एका पावलावर चालायला हव्यात, आणि त्या चालत नाहीत.

एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना, यावर तोड काढली. स्टेशन कोणतंही लावा, आत आल्याबरोबर ते एकाच ठरलेल्या वारंवारतेवर उतरवायचं. बहुतेक घरगुती सेटमध्ये ती ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. पुण्याच्या ७९२ चं उदाहरण घ्या. सेट स्वतःच १२४७ ची लहर तयार करतो, वजाबाकी ४५५. काटा हलवून ९०० वर न्या, आतली लहर १३५५ वर जाते, वजाबाकी पुन्हा ४५५. त्यापुढच्या सगळ्या कॉइल कायमच्या ४५५ वर बसवलेल्या, त्यांना हलायचं कारणच नाही. शिवाय तो ९ किलोहर्ट्झचा फरक आता ४५५ पैकी ९ झाला, म्हणजे जवळजवळ २ टक्के. शेजारी तितकाच जवळ आहे, पण त्याला अडवणं तिपटीने सोपं झालं.

ही वजाबाकी करतं कोण? अक्कलकोट रोडच्या कारखान्यात दोन लूम शेजारी चालू असतील, एकाचे मिनिटाला १५० ठोके आणि दुसऱ्याचे १५२, तर मिनिटाला दोनदा दोघांचे ठोके एकत्र पडतात. तो 'दोन' म्हणजे फरक. मात्र इथे लूमचा दाखला अपुरा पडतो, कारण दोन लहरी नुसत्या एकत्र केल्या तर फरकाची नवी लहर जन्मत नाही; त्यांचा गुणाकार व्हावा लागतो. ईसीएच८१ हा व्हॉल्व्ह नेमकं तेच करतो. त्याच्या एका भागात आतली लहर तयार होते. दुसऱ्या भागात इलेक्ट्रॉनचा प्रवाह एका ग्रिडमधून, म्हणजे तारेच्या जाळीतून, जाताना स्टेशनच्या लहरीप्रमाणे कमी-जास्त होतो आणि पुढच्या ग्रिडमधून जाताना आतल्या लहरीप्रमाणे. एकाच प्रवाहावर दोघांचा हात पडला की झाला गुणाकार. अकरावीतलं दोन कोसाइनच्या गुणाकाराचं सूत्र आठवा: बेरीज आणि वजाबाकी दोन्ही निघतात. पुण्याच्या उदाहरणात बेरीज २०३९ ची, ती पुढच्या कॉइल गाळून टाकतात.

सेट 'ट्यून करणं' म्हणजे ही यंत्रणा पुन्हा जागेवर आणणं. आधी सिग्नल जनरेटरमधून (हवी ती लहर देणाऱ्या यंत्रातून) ४५५ सोडायचे आणि आयएफटीच्या, म्हणजे त्या ४५५ वर बसवलेल्या कॉइलच्या, चौकोनी डब्यांतले फेराइटचे स्क्रू फिरवून आवाज जास्तीत जास्त होईल तिथे थांबायचं. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचा हवा. लोखंडी आत गेला की कॉइलचा गुण बदलतो आणि बाहेर काढताच सगळं जागेवरून हलतं. सिग्नलही अगदी बारीक ठेवायचा. तो मोठा असेल तर सेट आपोआप आवाज आवरतो आणि खरं शिखर कळतच नाही. मग डायलच्या खालच्या टोकाला कॉइलचा स्क्रू, वरच्या टोकाला गँगवरचा, म्हणजे बटणाबरोबर फिरणाऱ्या कंडेन्सरवरचा, छोटा ट्रिमर जुळवायचा. एक नीट केलं की दुसरं बिघडतं, म्हणून आळीपाळीने. हिरवा जादूचा डोळा (सिग्नलचा जोर दाखवणारा व्हॉल्व्ह) असलेला सेट असेल तर त्यातली सावली जिथे सगळ्यांत अरुंद होते तिथे थांबलं की काम भागतं.

एवढं करूनही खरखर आली तर सेटला दोष देण्याआधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. त्यांच्या आतली स्विचिंग सर्किटं मीडियम वेव्हभर कचरा टाकतात. 'व्हॉल्व्हचा आवाजच वेगळा, त्यात जीव असतो' असं म्हणून अव्वाच्या सव्वा भाव लावणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या गोडव्यात मोठा स्पीकर, लाकडी पेटी आणि कापलेले वरचे स्वर यांचाच वाटा जास्त.

माळ्यावरचा सेट खाली काढलात तर थेट प्लगला लावू नका. वर्षानुवर्षं पडून असलेले कंडेन्सर शॉर्ट झालेले असू शकतात. आधी ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे वीज बल्बमधूनच सेटकडे जाईल. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर प्लग काढा आणि आधी कंडेन्सर बदला. 'एसी/डीसी' लिहिलेल्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिसच, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडाच, मेनला जोडलेलं असतं. पिन उलटी बसली तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट. आणि मागचं झाकण उघडल्यावर आयएफटीच्या स्क्रूंवरचं मेण जसंच्या तसं असेल तर त्यांना हात लावू नका, तिथे अजून कुणी मेकॅनिक पोचलेला नाही.