खुशालीचे पत्र

विशेष काम नसताना केवळ एकमेकांची प्रकृती, पाऊसपाणी आणि घरातल्या अडीअडचणी कळवण्यासाठी व विचारण्यासाठी मित्र आणि आप्त जे पत्र लिहीत, त्याला खुशालीचे पत्र म्हणतात. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात मराठी मुलखात हा व्यवहार मुख्यतः पोस्टकार्डावर चालला.

खुशाली कळवण्याचा शिरस्ता मात्र पोस्टापेक्षा जुना आहे. पेशवेकालीन मोडी पत्रांत येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, अशा अर्थाचे वाक्य जवळजवळ ठरलेले असते आणि ‘विशेष’ म्हटल्यावर राजकारणाचा किंवा देण्याघेण्याचा खरा मजकूर सुरू होतो. ती पत्रे जासुदाबरोबर, म्हणजे निरोप्याबरोबर, किंवा वाटेच्या माणसाबरोबर जात. नुसत्या खुशालीसाठी जासूद धाडणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. १ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड विक्रीस आले आणि जे वाक्य तोवर प्रस्तावनेपुरते होते, त्यावरच अख्खे पत्र उभे राहू शकले.

कार्डाच्या माथ्यावर मध्यभागी ‘श्री’, उजवीकडे गाव व तारीख आणि त्याखाली मायना, अशी मांडणी असे. वडीलधाऱ्यांना ‘ती.’ (तीर्थरूप) आणि ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), तर बरोबरीच्या मित्राला ‘स. न. वि. वि.’ (सप्रेम नमस्कार विनंती विशेष) लिहीत. ‘येथे सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच असे आणि त्याच्या पुढच्याच ओळीत आईचे धरलेले गुडघे, धाकट्याचा डांग्या खोकला आणि गळणारे माजघर यांचा पाढा सुरू होई. यात विसंगती वाटली, तरी लिहिणाऱ्याच्या लेखी ती नव्हती. सर्व क्षेम याचा अर्थ घरातली माणसे जागेवर आहेत, मोठा घात झालेला नाही, एवढाच. बाकीची दुखणी क्षेमातच मोडत. खरोखर वाईट बातमी असली की कार्ड वरूनच ओळखू येई, कारण मृत्यू कळवणाऱ्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत आणि ते वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकत.

पत्र पोचायला काही दिवस लागत, याचा प्रकृतीच्या मजकुरावर स्पष्ट परिणाम झालेला दिसतो. आज अंगात ताप आहे असे लिहिले, तर उत्तर येईपर्यंत वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागून राहणार. म्हणून बहुधा दुखणे ओसरू लागल्यावरच ते कळवले जाई. ‘मध्यंतरी हिवतापाने आठ दिवस अंथरूण धरले होते, आता उतार आहे, काळजी नसावी’ हा या मजकुराचा नेहमीचा साचा होय. आईवडिलांना लिहिताना दुखणे कमी करून सांगण्याकडे कल असे. मित्राला मात्र औषधाचा खर्च, वैद्याचे पथ्य आणि रात्रीची जागरणे मोकळेपणाने लिहिली जात.

हवामान नक्षत्रांच्या भाषेत येई. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतो आणि एकेक नक्षत्र सुमारे तेरा-चौदा दिवस चालते, त्यामुळे ‘मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरण्या उरकल्या’ किंवा ‘हस्ताने उभे पीक झोडपले’ एवढ्यावरून दूरच्या माणसाला तारीख, पाऊस आणि घरची आर्थिक स्थिती हे तिन्ही एकदम समजे. शहरात नोकरीला असलेल्या मित्राला गावचा पाऊस कळवणे ही म्हणून निव्वळ औपचारिकता नव्हती. त्याने घरी किती पैसे पाठवायचे, हे पुष्कळदा त्याच ओळीवरून ठरे.

घरगुती अडचणींच्या बाबतीत कार्डाचे उघडेपण आड येई. ते टपाल कचेरीपासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही वाचता येत असल्याने म्हैस आटली, रॉकेल मिळत नाही, कौले शाकारायची राहिली, असे सांगण्याजोगे तेवढे लिहीत. भाऊबंदकी, कर्ज, मोडलेली सोयरीक यांची बोळवण ‘बाकी मजकूर समक्ष भेटीत’ या शब्दांवर होई. घडी घालून चिकटवायचे आंतर्देशीय पत्र १९५० साली आल्यावर ही अडचण काहीशी कमी झाली. तरीही जागा अपुरीच पडे आणि ताजा कलम समासात आडवा लिहिण्याची सवय सुटली नाही.

ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची खुशाली दुसऱ्याच्या हातून जाई. गावात पोस्टमन किंवा शाळामास्तर पत्र वाचून दाखवत आणि उत्तरही लिहून देत; मुंबईत जनरल पोस्ट ऑफिससमोर पैसे घेऊन पत्रे व मनीऑर्डरी लिहून देणारे लेखनिक बसत. सांगणाऱ्याचे रडगाणे लेखनिकाच्या ठरावीक वाक्यांत बसवले जाई, त्यामुळे एकाच्या आणि दुसऱ्याच्या पत्रात फारसा फरक दिसत नाही. केवळ साचेबंदपणावरून अशा पत्रांना कोरडे ठरवणे हे माहिती नसल्याचे लक्षण आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेल्या पिन कोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली होती. तेव्हापासून कार्डावरच्या पत्त्याखाली सहा आकडे आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नाक्यानाक्यावर परगावी फोन लावण्याचे एसटीडी बूथ झाले आणि रात्री दर कमी असल्याने जेवणानंतर रांगा लागू लागल्या. फोनवर दुखणे चालू असतानाच कळू लागले, त्यामुळे ‘आता उतार आहे’ हे वाक्य मागे पडले.

आलेली पत्रे भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवण्याची घरोघर रीत होती. अभ्यासकाला एखाद्या गावचा पाऊस, साथी आणि टंचाई यांच्या तारीखवार नोंदी या जुडग्यांत सापडू शकतात. मात्र एका घरच्या तारेत आलेलीच पत्रे असतात, त्यांची उत्तरे दुसऱ्या गावच्या तारेत असतात, आणि दोन्ही बाजू एकत्र मिळण्याआधी त्यांतली एक बहुधा रद्दीत गेलेली असते.