पार्श्वभूमी : डंपरच्या सीटवरचे कंपन आणि त्याची मर्यादा

उमरेड, सावनेर, कामठी भागातल्या ओपनकास्ट खाणींत डंपर ऑपरेटरच्या सीटवर कंपनमापक ठेवला जातो, तेव्हा अहवालात ‘सावधगिरीचा पट्टा’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकातली कंपनाची एक खालची-वरची कक्षा, हमखास भेटतो. त्याच्या आत आकडा आला की काळजीचे फारसे कारण नाही, असा अर्थ सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे.

कंपनाने होणारे हातांचे दुखणे आधी लक्षात आले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हवेच्या दाबावरची हत्यारे वापरणाऱ्या चुनखडी कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडतात, हे १९१८मध्ये नोंदले गेले. सीटमधून सगळ्या अंगात शिरणाऱ्या कंपनाचे आंतरराष्ट्रीय मानक यायला मात्र १९७४ उजाडले. वर-खाली होणारे ४ ते ८ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे, कंपन सर्वांत जाचते, हे त्यात आले. बसलेल्या माणसाचा कणा साधारण याच वेगाला अनुनादाने जास्त हलू लागतो.

पण त्या मानकात आरोग्याची मर्यादा ठरली कशी? थकव्याने कामातले कौशल्य कुठे घसरते, ती रेषा आधी आखली गेली. सर्वांत जाचक कंपनासाठी आणि आठ तासांसाठी ती ०.३१५ मीटर प्रति वर्ग सेकंद होती. तिची दुप्पट, ०.६३, ही आरोग्याची मर्यादा. मूळ ०.३१५च्या रेषेला ३.१५ने भागले की आरामाची मर्यादा. कण्याला किती सोसते हे कणा तपासून ठरलेच नाही. आधार होता मुख्यतः वैमानिक आणि वाहनचालकांवरच्या अभ्यासांचा. वेळेनुसार कौशल्य असे घटते याला प्रयोगांचा आधार तोकडा आहे, हा आक्षेप रास्त होता, आणि १९९७च्या आवृत्तीतून ती रेषा गेली.

तिच्याबरोबर ठाम मर्यादाही गेली, आणि नुकसान झाले ते इथे. उरला तो परिशिष्टातला, बंधनकारक नसलेला पट्टा : आठ तासांसाठी सुमारे ०.४५ ते ०.९. मोजण्याची रीतही बदलल्याने जुने-नवे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पट्ट्याखाली परिणाम स्पष्ट नोंदलेले नाहीत, वर धोका संभवतो, आणि आत सावध राहायचे. कोणी, कसे, हे मानक सांगत नाही. युरोपने २००२मध्ये कायदा करून ०.५ला उपाययोजना सक्तीची केली, पण कमाल मर्यादा १.१५ ठेवली, म्हणजे पट्ट्याच्याही वर.

आपल्याकडे २००७च्या खाण-सुरक्षा परिषदेने यंत्र खाणीत उतरवण्याआधी कंपनाचा अभ्यास करण्याची शिफारस केली. नवे यंत्र आणि चांगला रस्ता यांवर घेतलेली नोंद पावसाळ्यानंतरच्या हॉल रोडला, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्याला, लागू पडत नाही. त्यात सरासरी काढताना खड्ड्यांचे धक्के दबून जातात. धक्क्यांसाठी चौथ्या घाताची वेगळी पद्धत मानकातच आहे : धक्का दुप्पट झाला की त्याचे वजन सोळापट धरले जाते. रिकामा डंपर परतताना आदळतो, तो नेमका याच हिशेबात दिसतो. त्यामुळे अहवालात सरासरीशेजारी हा आकडाही छापायला हवा.