डीपीएफ काढला की ॲव्हरेज वाढतं?

"बीएस-६ पिकअपचा डीपीएफ म्हणजे जाळी. काजळीनं भरली की बाद. काढून फेका, ॲव्हरेज वाढते." विदर्भातल्या गॅरेजांत हे २०२० पासून ऐकू येतं. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो जाळी आहे आणि भरला की बाद, हे चूक आहे; ॲव्हरेज थोडं वाढलंच, तरी तो काढून फेकायचं ते कारण नाही.

आत जाळी नसतेच. मधमाशीच्या पोळ्यासारखा बारीक नळ्यांचा सिरॅमिक ठोकळा असतो. प्रत्येक नळी एका टोकाला बंद, शेजारची दुसऱ्या टोकाला. म्हणून धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. या भिंतीची छिद्रं साधारण १० ते २० मायक्रॉनची, काजळीचे बहुतेक कण ०.१ मायक्रॉनच्या आसपास. तरीही ते सुटत नाहीत, कारण इतके हलके कण सरळ न जाता भरकटतात आणि भिंतीला चिकटतात. पुढे हा साचलेला थरच नवे कण धरतो. थोडी काजळी हवीच! भिंत पातळ केली तर इंजिनवरचा उलटा दाब घटतो, पण काजळी जळताना ठोकळा तडकू शकतो. डिझाइनची खरी कसोटी इथे आहे.

जमलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे ६०० अंशांवर जाळते. कापसाच्या हंगामात मात्र शेत ते जिनिंग चार किलोमीटर आणि मग रांगेत इंजिन चालूच. धूर तेवढा तापत नाही. डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका चालीत गाडी पळवा. इंजिन ऑइलची राख जळत नाही, म्हणून कमी राखेचंच ऑइल घाला.

डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय. फिल्टर काढलेल्या पिकअपमागे तो कापूस वेचून परतणाऱ्या बायाच श्वासात घेतात.