आमदार निधी की डीपीडीसी: पायवाटेच्या कामासाठी कोणते दार ठोठवावे

एखाद्या गावाला टेकडीवर जाणारी पायवाट, तळ्याकाठचा चालण्याचा मार्ग किंवा गडाकडे जाणाऱ्या पायऱ्या मंजूर झाल्या की तो पैसा कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'आमदारांनी निधी दिला' एवढेच मिळते. तो खरोखर आमदारांचा स्थानिक विकास निधी असू शकतो, खासदारांचा असू शकतो, किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे सगळे ज्याला अजूनही डीपीडीसीचा (जिल्हा नियोजन समितीचा) निधी म्हणतात त्यातून आलेला असू शकतो. गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तिन्हींच्या फायली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेतून जातात, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आमदार-खासदारही बसतात आणि भूमिपूजनाच्या फलकावर नावेही साधारण तीच असतात. तरीही आमदार-खासदार निधी आणि जिल्हा वार्षिक योजना हे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत, आणि चुकीच्या मार्गाने गेलेला अर्ज नाकारला न जाताही वर्षभर नुसता पडून राहू शकतो.

आमदार-खासदार निधीचा गाभा म्हणजे शिफारस. लोकप्रतिनिधी आपल्या मतदारसंघातले काम सुचवतात. मंजुरी, अंदाजपत्रकाची तपासणी आणि पैशाचे वितरण ही कामे जिल्हा प्रशासनाची असतात. रक्कम लोकप्रतिनिधींच्या हाती कधीच येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण 'साहेबांच्या खात्यातून' असा समज अनेक तरुण मंडळांतही आढळतो. खासदार निधीची योजना केंद्र सरकारने डिसेंबर १९९३ मध्ये सुरू केली आणि २०११-१२ पासून तिची मर्यादा प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. महाराष्ट्रातील आमदारांचा निधी राज्याच्या तिजोरीतून येतो आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात तोही ४ कोटींवरून ५ कोटींवर नेण्यात आला. आकडा मोठा वाटतो, पण विधानसभेच्या एका मतदारसंघात किती गावे आणि किती वाड्या-वस्त्या असतात हे लक्षात घेतले, तर एका गावाच्या वाट्याला किती येणार याचा अंदाज येतो. या निधीतून होणारी कामे लहान, सुटी आणि एकदाच संपणारी असतात, ती याच कारणामुळे.

जिल्हा वार्षिक योजनेच्या मुळाशी कोणा एका व्यक्तीची शिफारस नसून आराखडा असतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडीनुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात, तर बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत अशी रचना आहे. येथे पैसा गावाच्या नावाने येत नाही. तो लेखाशीर्षाच्या, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदराच्या नावाने येतो. ग्रामीण रस्ते, यात्रास्थळे, पर्यटन, वने, नगरोत्थान, नाविन्यपूर्ण योजना अशा शीर्षांखाली तरतूद होते आणि त्या त्या शीर्षाचे खाते म्हणजेच कार्यान्वयन यंत्रणा आपला प्रस्ताव पुढे पाठवते. त्यामुळे 'आमच्या गावाला पायवाट द्या' असा अर्ज थेट नियोजन समितीकडे केला, तर त्याला बसायला जागाच नसते. तो अर्ज वन विभागाचा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा किंवा नगरपरिषदेचा प्रस्ताव होऊन आला, तरच त्याला शीर्ष मिळते.

पायवाटेच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण पायवाट इमारतीसारखी एका जागी उभी नसते. कोल्हापूर जिल्ह्यातली पन्हाळा ते पावनखिंड हीच वाट पाहावी. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून ज्या दिशेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने दरवर्षी पावसाळ्यात असंख्य लोक चालतात. ही वाट मसाई पठाराच्या जांभ्या खडकावरून जाते, वाड्यांमधून उतरते, ओढे ओलांडते आणि वाटेत ग्रामपंचायतींच्या हद्दी, वनजमीन व खासगी शेते या सर्वांना स्पर्श करते. अशा वाटेवर एका गावाने लोकप्रतिनिधींकडून शे-दोनशे मीटर पायऱ्या करून घेतल्या आणि पुढच्या ओढ्यावर साकवच (लहान पूलच) नसला, तर चालणाऱ्याची खरी अडचण तशीच राहते. सलग मार्ग, दिशादर्शक फलक, पाण्याचा निचरा, साकव आणि ठरावीक अंतरावर स्वच्छतागृह असा एकत्र विचार करायचा असेल, तर तो जिल्हा वार्षिक योजनेतच मांडावा लागेल. तोही एका कामाच्या रूपात मांडून चालणार नाही. टप्प्याटप्प्याने पुढे जाणारा आराखडा म्हणून मांडावा लागेल. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या लांब वाटा अर्धवट दिसतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे आराखड्याचे काम आपण शिफारशीच्या निधीकडून करून घेऊ पाहतो.

याउलट गावाच्या हद्दीत सुरू होऊन तिथेच संपणारे काम आमदार निधीतून लवकर आणि नीट होऊ शकते: तळ्याकाठचा फेरफटक्याचा मार्ग, शाळेपासून मैदानापर्यंतची फरसबंदी, चढावरचा लोखंडी कठडा. त्यासाठी मंडळाने लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात नुसते निवेदन देऊन येऊ नये. जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ग्रामसभेचा ठराव, जागेच्या मालकाची ना-हरकत आणि शाखा अभियंत्याकडून चालू दरसूचीप्रमाणे करून घेतलेले ढोबळ अंदाजपत्रक सोबत असेल, तर शिफारशीच्या पत्रापासून प्रशासकीय मान्यतेपर्यंतचा काळ बराच कमी होतो. मतदारसंघाची सीमाही तपासावी. पन्हाळा आणि शाहूवाडीचा मोठा भाग शाहूवाडी विधानसभा मतदारसंघात येतो आणि तो मतदारसंघ हातकणंगले लोकसभेला जोडलेला आहे, तर करवीर कोल्हापूर लोकसभेत आहे. त्यामुळे कोल्हापूर शहराच्या बाजूने पन्हाळ्याकडे जाणाऱ्या वाटेसाठी एकाच खासदारांकडे गेल्याने भागेलच असे नाही. राज्यसभेच्या खासदारांना मात्र ज्या राज्यातून ते निवडून आले त्या राज्यात कोठेही काम सुचवता येते.

जागेचा प्रश्न दोन्ही मार्गांना सारखाच अडवतो, पण वेगवेगळ्या पद्धतीने. खासदार निधीतून जमीन विकत घेता येत नाही आणि धार्मिक स्थळांच्या आत किंवा त्यांच्या मालकीच्या जागेवर कामही करता येत नाही. म्हणून जोतिबाच्या डोंगरावरची एखादी वाट देवस्थानच्या जागेतून जात असेल, तर तिथे हे दार बंद आहे. त्याच वाटेसाठी जिल्हा वार्षिक योजनेतील यात्रास्थळ विकासाचे शीर्ष विचारात घेता येते. 'क' वर्गाचे यात्रास्थळ किंवा पर्यटनस्थळ म्हणून मान्यता देण्याचा अधिकार जिल्हा नियोजन समितीकडेच असल्याने, ज्या लहान टेकडीला किंवा धबधब्याला कोणताही दर्जा नाही, त्याच्यासाठी आधी हा दर्जा मागणे हा निधीइतकाच महत्त्वाचा टप्पा असतो. बरीच मंडळे तो गाळून थेट पैशाची मागणी करतात.

वनजमीन आणि संरक्षित स्मारक यांच्याबाबत कोणताही निधी कायद्याला ओलांडून जात नाही. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथे पायवाटेचे काम वन विभागाच्या परवानगीने आणि शक्यतो त्याच विभागाकडूनच व्हायला हवे. पन्हाळगड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. तटबंदीजवळच्या पायवाटेसाठी कोणी कितीही कळकळीने शिफारस केली किंवा समितीने तरतूद केली, तरी पुरातत्त्व खात्याची बाजू आधी पूर्ण झाल्याशिवाय तो पैसा वापरता येणार नाही.

वेळापत्रकाचा फरक लोकांना सर्वात उशिरा कळतो. लोकप्रतिनिधी वर्षात केव्हाही शिफारस करू शकतात. आचारसंहितेच्या काळात मात्र नव्या कामांची मंजुरी थांबते. जिल्हा वार्षिक योजनेचे चक्र ठरलेले असते. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो, साधारण जानेवारीच्या सुमारास समितीसमोर आणि मग, कोल्हापूर पुणे विभागात असल्याने, त्या विभागाच्या राज्यस्तरीय बैठकीत जातो आणि मार्चमधल्या राज्याच्या अर्थसंकल्पातून पक्का होतो. म्हणून खात्याचा प्रस्ताव दिवाळीच्या आसपास तयार हवा. फेब्रुवारीत मागणी घेऊन गेलेल्या मंडळाला 'पुढच्या वर्षी पाहू' असे उत्तर मिळाले, तर त्यात टाळाटाळ असेलच असे नाही. त्या वर्षाची तरतूद तोपर्यंत कामांना लागलेली असते आणि यंत्रणा ३१ मार्चपूर्वी खर्च पूर्ण करण्याच्या धावपळीत असते.

शेवटचा मुद्दा देखभालीचा, आणि तो मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. आमदार-खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी आहे. आवर्ती खर्च त्यातून होत नाही आणि मालमत्ता ज्या संस्थेकडे जाणार तिला देखभालीची हमी द्यावी लागते. जिल्हा वार्षिक योजनेतूनही बांधून झालेली वाट शेवटी ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या किंवा वन विभागाच्या ताब्यात जाते. आपल्याकडच्या पावसात निचरा तुंबला की एका हंगामात माती वाहून जाते आणि पायऱ्या सुट्या होतात. म्हणून ग्रामसभेचा ठराव करतानाच त्यात दोन वाक्ये अधिक लिहून घ्यावीत: दरवर्षी मे महिन्यात चर व मोऱ्या साफ करण्याचे काम कोणाकडे राहील आणि त्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून की वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून केला जाईल. हा ठराव प्रस्तावाला जोडला, तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला आक्षेपही तिथेच दूर होतो.