मेंढीच्या खुराचा नमुना : आधी स्वॅब, मग मोरचूद

पावसाळ्यात काळी माती खुरांत बसू लागली की मेंढ्यांच्या खुरांचे स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेले नमुने) तपासून फुटरॉट, म्हणजे खूर सडण्याचा रोग, शोधणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत ठरलेला फोन येतो : "पाच स्वॅब दिले, पाचही निगेटिव्ह कसे? कळप तर लंगडतोय." चौकशी केली की कळतं, कळप आदल्याच दिवशी मोरचुदाच्या किंवा झिंक सल्फेटच्या पाण्यातून काढला होता, नाहीतर ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलं होतं. वरवरचे जंतू मेले, धुऊन गेले. खोल फटीतले शाबूत, पण तिथवर स्वॅब पोचत नाही. अशा निगेटिव्हचा अर्थ रोग गेला असा नाही. म्हणूनच फॉर्मवर 'शेवटचं औषध कधी' हा रकाना कोरा असेल तर आम्ही नमुना लावत नाही. काहींना राग येतो. पण फुकट जाणाऱ्या चाचणीचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

नुकत्या लंगडू लागलेल्या, औषध न झालेल्या चार-पाच मेंढ्या निवडा. एकीवर भागत नाही, कारण एकाच कळपात, कधी एकाच खुरात, जंतूचे एकाहून जास्त सेरोग्रुप (उपप्रकार) निघतात. चिखल कोरड्या कापसाने पुसा. दोन नख्यांच्या मध्ये, खूर कातडीपासून सुटू लागलंय त्या कडेला राखाडी, ओला, घाण वासाचा लगदा असतो; स्वॅब तिथे दाबून फिरवा. वाळकी खपली नको. रक्त येईपर्यंत खूर तासू नका, रक्ताने पीसीआर (जंतूचं जनुक शोधणारी चाचणी) अडतो. एका मेंढीला एक स्वॅब, नळीवर बिल्ला क्रमांक. तोंडात फोड असतील तर आधी लाळ्या-खुरकुताचा संशय धरा आणि डॉक्टरांना बोलवा.

"फुटरॉट आहे एवढं सांगा, प्रकार कशाला?" असंही विचारतात. फुटरॉटचा जंतू डायकेलोबॅक्टर नोडोसस, त्याचे ए ते आय आणि एम असे १० सेरोग्रुप आहेत. बी ची लस ई ला रोखत नाही, आणि सगळे एका लशीत कोंबले तर प्रत्येकाविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी पडते. रिपोर्टमध्ये सेरोग्रुपसोबत जंतू उग्र की सौम्य हेही येतं : एपीआरव्ही-२ जनुक सापडलं तर उग्र, एपीआरबी-२ तर सौम्य.

द्राव भरलेल्या नळ्या आमच्याकडून आधीच घेऊन ठेवा, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. घरच्या बाटलीतलं फॉर्मलिन वापरू नका. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी एसटी पार्सलने नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर पाठवा आणि गाडी सुटली की फोन करा, आम्ही उतरवून घेऊ. शनिवारी संध्याकाळी मात्र पाठवू नका. रविवारी प्रयोगशाळा बंद असते.